ड्रॉवरमधली पट्टी आणि ब्राउझर: सात महिन्यांचा हिशेब

मी नारायण पेठेत एका सीएंकडे कामाला आहे. जीएसटीची परिपत्रकं प्रिंट काढायची आणि ओळीखाली स्टीलची पट्टी सरकवत वाचायची, हा माझा बारा वर्षांचा शिरस्ता. मुलाची चाचणी झाली तेव्हा कळलं, डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं-शब्द वाचताना होणारी अडचण, मलाही आहे. गेल्या सात महिन्यांत ती पट्टी एकदाच बाहेर काढावी लागली.

सुरुवात सगळे करतात तिथूनच केली: ओपनडिस्लेक्सिक फाँट. २०११ सालचा, फुकट. बी-डी उलटेपालटे होऊ नयेत म्हणून अक्षरांचा तळ जाड. पानं गुबगुबीत दिसली, माझा वेग होता तेवढाच राहिला. शिवाय त्यात देवनागरी नाहीच, त्यामुळे मराठी बातमी जशीच्या तशी.

मग अक्षरांमधलं अंतर वाढवणारं एक एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी सोय, घातलं. इंग्रजी खरंच सुटसुटीत झालं. मराठीत मात्र शिरोरेषाच तुटली! 'महानगरपालिका' म्हणजे दोरीवर लांब लांब लावलेले चिमटे. मी शब्द ओळखते तो त्या रेघेच्या लांबीवरून, आणि तीच गेली. मराठीसाठी ते अंतर शून्यावर ठेवा. शब्दांमधलं आणि ओळींमधलं वाढवा.

आपले घोटाळेही वेगळे. घ-ध, भ-म. पहिली वेलांटी डोळ्याला आधी दिसते, तोंडात नंतर येते. 'स्थगिती'पाशी माझी गाडी अजून अडते.

टिकलं ते एज, मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर. एफ ९ दाबलं की त्यातला वाचनाचा पडदा उघडतो, जाहिराती जातात. लाइन फोकस लावला की एक, तीन किंवा पाच ओळी उजळ, बाकी अंधार. मी तीनवर असते. वर 'आरोही' हा मराठी आवाज, आणि वाचला जाणारा शब्द उठून दिसतो. वेग जरा कमी ठेवते. घ की ध, त्याचा निकाल कानच लावतात. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये पीएमपीच्या बसमध्ये बसून मोबाइलवर नुसतं ऐकते.

पैसे भरून एक एक्स्टेंशन घेतलं होतं, दुसऱ्या महिन्यात काढलं. बटणंच इतकी की ती वाचून दमायला व्हायचं.

स्कॅन केलेल्या पीडीएफपुढे आणि युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटपुढे मात्र सगळंच थंड. पडद्यावर मराठी, आतून रोमन खिचडी. आवाज काहीबाही बडबडतो. सोसायटीच्या सभेची नोटीस अशीच आली, अकरा पानं. तेव्हा पट्टी काढली. सेक्रेटरी काकांना म्हटलं, टाइप केलेली फाइल द्या. त्यांनी त्याच अकरा पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले.