विंचवाच्या हालचाली पाहायला टॉर्च: ३६५ की ३९५ नॅनोमीटर?

अतिनील (अल्ट्राव्हायोलेट) प्रकाशात विंचू अंधारात चमकतो; ३६५ आणि ३९५ हे आकडे टॉर्चच्या प्रकाशाच्या तरंगलांबीचे. स्वस्तातला ३९५चा टॉर्च जांभळा उजेड इतका ओततो की विंचवाची हिरवट-निळी चमक त्यातच बुडते. काळी फिल्टर काच असलेला ३६५चा घ्या. महाग पडतो, पण पायांची थरथरसुद्धा स्पष्ट दिसते. विंचवाला अतिनील प्रकाश जाणवतो आणि तो त्यापासून पळतो, म्हणून झोत १०-१५ सेकंदच मारा. जास्त वेळ निरखायचं तर मंद लाल दिवा बरा.

पाळलेला एम्परर विंचू (आफ्रिकेतला मोठा काळा विंचू) पाय ताठ करून पोट जमिनीपासून उचलून उभा राहिला, तर तो बहुतेकदा डौल नसतो: पेटीचा तळ तापलाय किंवा माती चिखल झालीय. हीट मॅट (पेटीला ऊब देणारी विजेची चटई) खालून काढून बाजूच्या भिंतीला लावा, थर्मोस्टॅट २८ अंशांवर ठेवा, मातीचा वरचा थर सुकू द्या.

खाणं सोडून सुस्त पडलेला विंचू मेला समजून ढोसू नका, कात टाकायची तयारी असू शकते. जिवंत झुरळं, रातकिडे लगेच बाहेर काढा. कात टाकून मऊ झालेल्या विंचवाला तेच कुरतडतात. इथे टॉर्चचा खरा उपयोग: टाकलेली कात झगझगीत चमकते, कात टाकलेला विंचू मात्र कवच कडक होईपर्यंत फिकाच राहतो.

नर मागेपुढे झटके देत थरथरतो ते मादीसाठी. पण पाय वेडेवाकडे झाडत उलटा पडत असेल, तर खोलीत कीटकनाशक फवारलं होतं का, ते आधी विचारा.

टॉर्चची एक खोड: झोत डोळ्यांना घातक, आणि अतिनील अडवणारा चष्मा बहुतेकदा सोबत मिळत नाही.