फॉकनरच्या दोन कथा, दोन निवेदनरीती
अमेरिकन लेखक विल्यम फॉकनरच्या कथांमधील निवेदनाची दोन टोके पाहायची असतील, तर ‘अ रोझ फॉर एमिली’ (१९३०) आणि ‘बार्न बर्निंग’ (१९३९) या कथा शेजारी ठेवून वाचाव्यात. पहिल्या कथेत ‘आम्ही’ म्हणणारे अख्खे जेफर्सन गाव बोलते. ते एमिली या एकाकी स्त्रीच्या अंत्यविधीपासून सुरुवात करते आणि पुढे काळाची उलटसुलट मांडणी करत जाते. घराभोवती पसरलेली दुर्गंधी आधी सांगितली जाते, तिने आर्सेनिक हे विष विकत घेतल्याचे नंतर. त्यामुळे कार्यकारणाचा धागा वाचकाच्या हाती लागतो तो अगदी शेवटी, तिच्या प्रियकराच्या सांगाड्याशेजारी उशीवर तिचा करडा केस दिसल्यावर. गावाने सारे पाहिले, पण त्यातून अर्थ काढला नाही, हे केवळ घटनाक्रमाच्या या फेरफारातून जाणवते आणि मला तीच या कथेची खरी ताकद वाटते.

‘बार्न बर्निंग’ मात्र बहुतांशी सरळ काळात चालते आणि दहा वर्षांच्या सार्टी या मुलाला जे दिसते, ज्याचा वास येतो, त्याला धरून राहते. तरीही निवेदक मुलापाशीच थांबत नाही. अखेरीस सार्टी आपला बाप अमेरिकन यादवी युद्धात शूर होता असे कळवळून म्हणतो, तेव्हा बाप केवळ लुटीसाठी युद्धात गेला होता, हे मुलाला ठाऊक नसलेले सत्य निवेदक आपल्याला सांगतो. एमिलीच्या कथेत दडवलेली माहिती धक्का देते. इथे ती उघड सांगितल्यामुळेच मुलाविषयीची करुणा अधिक खोल जाते.