ईआरसीपीनंतर: पित्ताशय काढावं की राहू द्यावं?

नागपुरात महालातल्या आमच्या काकूंच्या पित्तनलिकेतले खडे ईआरसीपीने, म्हणजे तोंडातून घातलेल्या दुर्बिणीने निघाले, कावीळ उतरली. आता डॉक्टर पित्ताशयही काढा म्हणतात. "दुखत नाही तर कशाला कापाकापी?" हा काकूंचा सवाल. धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांच्या पाट्यांवर काय लिहिलंय ते सोडा, मुद्द्याचं पाहू.

पुन्हा त्रास होण्याचा मुद्दा सगळ्यात जड. ईआरसीपी नलिका साफ करते, खड्यांचा कारखाना म्हणजे पित्ताशय तसंच राहतं. नेदरलँड्समध्ये 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, थांबून पाहिलेल्यांपैकी 47 टक्के रुग्णांना 2 वर्षांत पुन्हा त्रास झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांत फक्त 2 टक्के. पण काढल्यावर कायमची सुट्टी, असंही नाही. नलिका फार फुगलेली असेल, तर तिच्यातच नवे खडे धरू शकतात.

खर्च: थांबणं आज फुकट, पण पुन्हा ताप-कावीळ आली की दुसरी ईआरसीपी. मेडिकलमध्ये (सरकारी दवाखान्यात) किंवा आरोग्य योजनेत काय बसतं ते आधी विचारा.

त्रास: पित्ताशय काढायच्या, पोटातून होणाऱ्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला भूल लागते, घरी मात्र बहुधा एक-दोन दिवसांत. करायचीच तर लवकर, 6-8 आठवडे ढकलली की मधेच दुखणं उठू शकतं.

काकूंसारख्या धडधाकट माणसाने, पित्ताशयात खडे असतील तर, काढून टाकावं. हृदय-फुप्फुस कमजोर, वय फार, भूल झेपणार नाही, त्यांनी थांबावं. थंडी-ताप, पिवळे डोळे दिसताच मात्र रात्रीही दवाखाना गाठावा. आणि नलिकेत स्टेंट (ती उघडी ठेवणारी छोटी नळी) घातला असेल, तर तो काढायची तारीख विसरू नका बाप्पा.