जावा स्विंगवर गावनकाशे: काही महिन्यांच्या वापरानंतर

"क्लिक खातोय म्हणजे माऊस गेला," असं म्हणत सांगलीतल्या एका दुकानदाराने आम्हाला नवा माऊस दिला. तोही क्लिक खायला लागला. परत घेईना, उलट "रॅम वाढवा" म्हणून आणखी खर्च सांगितला. गरज नसताना पैसे घालवायला लावलेले मला अजिबात चालत नाहीत, म्हणून आमच्या नकाशांच्या प्रोग्रॅमचा कोड उघडून बसलो.

आमचं मोजणीचं खासगी ऑफिस आहे. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी, आणि 2019 च्या पुरात पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं. तेव्हा कागदी नकाशांचे गठ्ठे भिजले. त्यानंतर आलेला प्रत्येक नकाशा आम्ही आधी स्कॅन करतो. स्क्रीनवर स्कॅन उघडायचा आणि गटाचे कोपरे क्लिक करून नोंदवायचे, एवढंच काम आमचा स्विंगमधला (जावा भाषेत खिडक्या, बटणं बनवायचा संच) प्रोग्रॅम करतो.

आता क्लिकचं सांगतो, कारण माझा खरा राग इथे आहे. प्रोग्रॅम 'माऊसक्लिक्ड' या इव्हेंटवर, म्हणजे माऊसचं काही घडलं की जावा जी सूचना देतं तिच्यावर, बेतलेला होता. बटण दाबलं आणि जागेवरच सोडलं, तरच हा इव्हेंट येतो. मध्ये माऊस सरकला की जावा त्याला ड्रॅग (दाबून ओढणं) समजतं आणि क्लिक कळवतच नाही. ऑफिसातले काका निवृत्त भूकरमापक. हद्दी तोंडपाठ, पण बोट दाबताना हात किंचित हलतो. "काका, हा कोपरा घेतला का?" "घेतला की रे!" आणि यादीत सातऐवजी सहाच कोपरे. एरर नाही, आवाज नाही, क्षेत्रफळ मात्र चुकलेलं. बांधावरून कोर्टात जाणारी माणसं आहेत आपल्याकडे, एक कोपरा गळणं ही किरकोळ गोष्ट नाही. उपाय साधा निघाला: 'माऊसप्रेस्ड' धरायचं, बटण खाली गेलं की बिंदू नोंदवायचा. स्विंग इतकं जुनं, तरी शिकवणीच्या उदाहरणांत सर्रास 'माऊसक्लिक्ड'च दिसतं. नवशिक्याला हे पहिल्याच धड्यात सांगायला हवं.

रॅमबद्दल माझं मत मात्र मधेच बदललं. जावा मेमरी खातं, असं मीही म्हणायचो. मग हिशोब मांडला. ए-झिरो आकाराचा मोठा कागद 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) स्कॅन केला की साधारण 9933 बाय 14043, म्हणजे जवळपास 14 कोटी पिक्सेल होतात. फाईल डिस्कवर लहान दिसली तरी रंगीत जेपीईजी उघडल्यावर पिक्सेलला 3 बाइट धरून सुमारे 418 एमबी लागतात. आमच्या प्रोग्रॅममध्ये त्याचीच एआरजीबी (रंगांसोबत पारदर्शकताही धरणारी, पिक्सेलला 4 बाइटची) प्रत काढली जात होती, तिचे आणखी 558. एकूण 976 एमबी. 4 जीबीच्या मशीनवर जावा आपणहून साधारण पाव हिस्सा, म्हणजे 1 जीबीच हीप (प्रोग्रॅमला वापरायची मेमरी) धरतं. मग 'आउट ऑफ मेमरी' येणारच! ती प्रत काढणं बंद केलं आणि निभावलं.

त्याहून मोठी बचत पुढे झाली. निव्वळ काळ्या रेषांचा नकाशा एक-बिट टिफमध्ये (फक्त काळं-पांढरं ठेवणारी चित्राची फाईल) ठेवला तर पिक्सेलला एकच बिट लागतो, म्हणजे तोच ए-झिरो 18 एमबीच्या आत. जावा 9 पासून टिफ वाचायची सोय इमेजआयओमध्येच (जावातला चित्रं वाचायचा भाग) आहे, वेगळी लायब्ररी लागत नाही. रंगीत खुणा असलेले नकाशे अर्थातच असे ठेवता येत नाहीत.

सबसॅम्पलिंग, म्हणजे मधले पिक्सेल सोडून चित्र वाचणं, मात्र जपून वापरा. चार धरलं की आडवा-उभा दर चौथाच पिक्सेल वाचला जातो आणि मेमरी सोळाव्या हिश्श्यावर येते. पण मधले पिक्सेल सरळ गाळले जातात. एक-दोन पिक्सेल जाडीची हद्दीची रेष तुटक दिसते, कुठे पार नाहीशी होते. आख्खं गाव एका नजरेत बघायला ठीक, कोपरा पकडायला नाही. त्यासाठी सोर्स रीजन (चित्रातला वाचायचा चौकोन) देऊन हवा तेवढाच तुकडा पूर्ण बारकाव्याने वाचायचा. जेपीईजीत खालचा तुकडा हळू येतो, कारण वरचा भाग उलगडतच खाली जावं लागतं. टाइल्समध्ये (छोट्या चौकोनी तुकड्यांत) साठवलेलं टिफ पटकन उघडतं.

झूम असताना क्लिकचे आकडे तसेच साठवू नका. चित्र काढताना वापरलेला अफाइन ट्रान्सफॉर्म (चित्र मोठं-लहान करायचं, सरकवायचं गणित) उलटा लावून मूळ स्कॅनवरचा बिंदू काढा आणि तोच ठेवा.

उजव्या क्लिकच्या मेनूलाही असाच खोडा आहे. लिनक्सवर पॉपअपची (मेनू उघडायची) खूण बटण दाबताना मिळते, विंडोजवर सोडताना. त्यामुळे ही खूण सांगणारं 'इजपॉपअपट्रिगर' दाबताना आणि सोडताना दोन्हीकडे तपासावं लागतं, नाहीतर एका मशीनवर मेनू उघडतो आणि दुसऱ्यावर काहीच होत नाही.