दमसासाचे मोजमाप: व्हीओटू मॅक्स चाचणीचा अनुभव

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट निम्मा चढून होत नाही तोच सलग दोन वर्षे माझा दम उखडला आणि सराव वाढवूनही त्यात फरक पडेना, तेव्हा नेमके कुठे कमी पडते आहे हे मोजून पाहावे, म्हणून मी पुण्यातील एका क्रीडाविज्ञान प्रयोगशाळेत व्हीओटू मॅक्स चाचणी करून घेतली. माझे वय ४७ आणि वजन ५६ किलो आहे. शुल्क साडेपाच हजार रुपये होते.

कमाल श्रम करताना शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे या चाचणीत मोजले जाते आणि ते वजनाच्या दर किलोमागे मिलिलीटरमध्ये सांगितले जाते. स्वस्थ बसलेल्या माणसाचा प्राणवायूचा वापर याच मापात साधारण ३.५ धरतात, लांब पल्ल्याच्या जागतिक दर्जाच्या पुरुष धावपटूंमध्ये कमाल आकडा ७० च्या पुढे जातो. मनगटावरचे घड्याळही असा आकडा दाखवते, परंतु तो वेग आणि नाडीच्या ठोक्यांवरून बांधलेला अंदाज असतो, तर येथे प्रत्येक उच्छ्वासातील वायू प्रत्यक्ष मोजले जातात.

मोजमापाच्या बाबतीत या प्रयोगशाळेला मी पूर्ण गुण देईन. तंत्रज्ञ मुलीने आधी तीन लिटरच्या सिरिंजने हवेचा प्रवाह मोजणारे यंत्र तपासले, मग ठरावीक प्रमाणाचे वायुमिश्रण सोडून त्याचे आकडे जुळवून घेतले. नाकाच्या उंचवट्यापाशी मास्कमधून हवा निसटते आहे हे तिच्या हाताला जाणवले, तेव्हा तिने कसलीही घाई न करता लहान मापाचा मास्क आणून पुन्हा बांधला. ट्रेडमिलचा वेग तोच ठेवून चढ दर मिनिटाला एक टक्क्याने वाढत गेला आणि अकराव्या मिनिटाला मी हात वर केला. बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड आणि वापरलेला प्राणवायू यांचे गुणोत्तर तोवर १.१३ झाले होते. ते १.१ च्या पुढे गेले की श्रम कमाल झाले असे मानतात, म्हणजे मी अंगचोरी केलेली नव्हती.

अहवालात माझा व्हीओटू मॅक्स ३८ आला आणि हृदयाचे कमाल ठोके १७८. मला सर्वांत उपयोगी ठरलेली माहिती मात्र तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत होती: श्वास पहिल्यांदा जड होण्याचा उंबरठा १३४ ठोक्यांवर होता. सावकाश धावणे या उंबरठ्याच्या खाली राहायला हवे, पण मी ज्याला सावकाश धावणे समजत होते ते रोज १४५ च्या आसपास चालत असे. विश्रांतीच्या दिवशीही शरीर पुरेसे सावरत का नव्हते, ते या एका आकड्याने उलगडले, आणि केवळ एवढ्यासाठीही ही चाचणी करून घेण्यासारखी आहे असे माझे मत आहे.

उणीव आहे ती अर्थ लावण्यात. समुपदेशन दहा मिनिटांत उरकले आणि ‘क्षमता वाढण्यासाठी सराव वाढवावा’ एवढाच सल्ला मिळाला. वास्तविक प्राणवायूचा वापर दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतो: हृदय मिनिटाला किती रक्त ढकलते आणि त्या रक्तातून स्नायू किती प्राणवायू उचलतात. रक्तात मुळात प्राणवायू किती मावतो हे हिमोग्लोबिनवर अवलंबून असते, कारण एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलीटर प्राणवायू वाहून नेते. असे असताना पाळी येणाऱ्या, लांब पल्ला धावणाऱ्या आणि शाकाहारी असलेल्या बाईला कोणी हिमोग्लोबिन विचारू नये, याचे मला फार वाईट वाटले. आमच्या डॉक्टरांनी स्वतःहून रक्त तपासायला लावले, तेव्हा हिमोग्लोबिन १०.६ निघाले, स्त्रियांमध्ये १२ च्या खाली गेल्यास त्याला रक्तक्षय म्हणतात. फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा, तोही तळाला गेला होता. सराव वाढवून मी रिकाम्या रहाटाला जोर लावत होते.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली लोहाच्या गोळ्या घेतल्या, सावकाश धावणे खरोखर सावकाश केले आणि सहा महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा चाचणी केली. हिमोग्लोबिन १२.८ झाले होते आणि व्हीओटू मॅक्स ४२. या वाढीत लोहाचा वाटा किती आणि बदललेल्या सरावाचा किती, हे वेगळे काढता येणार नाही.

यंत्र, स्वच्छता आणि तंत्रज्ञांचे कसब यांसाठी मी ही प्रयोगशाळा निःसंकोच सुचवेन, मात्र जाण्यापूर्वी, विशेषतः स्त्रियांनी, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासून तो कागद सोबत न्यावा. दुसऱ्या खेपेलाही त्यांच्या अर्जात त्यासाठी रकाना नव्हता. मी माझा आकडा समासात लिहिला आणि तंत्रज्ञ मुलीला तो अहवालात घ्यायला सांगितला. तिने घेतला.