स्तनरोग तपासणी केंद्र : निदान चोख, खिडकीवर मात्र रखडपट्टी

मावशीच्या स्तनावर लाली व सूज आली, गाठ मात्र हाताला लागेना. घराजवळच्या दवाखान्यात साधा संसर्ग समजून दोन आठवडे अँटिबायोटिक्स देण्यात आली. या केंद्रातील डॉक्टरांनी संत्र्याच्या सालीसारखी खड्डेदार झालेली त्वचा पाहताच दाहक स्तनकर्करोगाची शंका घेतली आणि मॅमोग्राफी, सोनोग्राफीसह त्वचेची व आतील ऊतींची बायोप्सी त्याच दिवशी उरकली. एकूण स्तनकर्करोगांत १ ते ५ टक्केच आढळणाऱ्या या प्रकारात आधी केमोथेरपी, मग संपूर्ण स्तन व काखेतील लसिकाग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया आणि त्यानंतर रेडिएशन हाच क्रम का, हे त्यांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावले. बिलाच्या खिडकीवर मात्र दीड तास गेला, तोही उभ्याने.