इसबाच्या कॅप्सूल आणि त्यांच्यासोबत ‘मोफत’ मिळालेले मलम

माझ्या मुलीला लहानपणापासून कोपरांच्या आतील आणि गुडघ्यांच्या मागील घडीत इसबाचा त्रास आहे, आणि नाशिकची थंडी सुरू झाली की तो हमखास बळावतो. मागील डिसेंबरात गंगापूर रोडवरील डोंगरे वसतिगृह मैदानावर भरलेल्या प्रदर्शनात एका विक्रेत्याने तिचे हात पाहून, ओमेगा-३ आणि इव्हिनिंग प्रिमरोज तेलाच्या कॅप्सूल त्वचा आतून दुरुस्त करतात, स्टिरॉइडची गरजच उरत नाही, असे ठामपणे सांगितले. तीन महिन्यांसाठी ७,८०० रुपये घेतले, पावती साध्या कागदावर दिली आणि एका डबीत ‘हर्बल’ मलम मोफत दिले.

तिसऱ्याच दिवशी खाज थांबली. सारे श्रेय मी कॅप्सूलला दिले आणि शेजारच्या दोन घरांनाही त्या घ्यायला लावल्या, याची खंत आजही वाटते. वास्तविक अशा तेलांतली मेदाम्ले (फॅटी ॲसिड) पेशींच्या आवरणात सामावायला काही आठवडे लागतात. तीन दिवसांत उतरलेली लाली त्यांच्यामुळे नसणार, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

सहा आठवड्यांनी मलम संपले आणि चार दिवसांत पुरळ दुप्पट जोराने उठले. कॅप्सूल मात्र चालूच होत्या. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पातळ झालेली कातडी आणि तिच्यातून दिसणाऱ्या बारीक शिरा पाहताच मलमात तीव्र स्टिरॉइड मिसळले असावे, असा संशय व्यक्त केला, कारण डबीवर घटकद्रव्यांचा एक शब्दही नव्हता. इव्हिनिंग प्रिमरोज तेलाने इसबाला फायदा होत नाही, असा निष्कर्ष वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ सालच्या आढाव्यात निघाला आहे, आणि ब्रिटनने तर २००२ मध्येच त्याच्या इसबावरील औषधाचा परवाना मागे घेतला होता, हेही मला त्यांच्याकडूनच कळले. ओमेगा-३ ज्यातून मिळते त्या फिश ऑइलच्या, म्हणजे माशांच्या तेलाच्या बाबतीतही विसंबून राहावे असा पुरावा नाही, असे त्या म्हणाल्या.

घरी येऊन कॅप्सूलचे वेष्टन मी प्रथमच नीट वाचले. ‘फिश ऑइल १००० मिग्रॅ’ एवढेच ठळक छापले होते. त्यात ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्ले किती, हे कोठेही नव्हते, आणि साध्या १००० मिग्रॅच्या कॅप्सूलमध्ये ही दोन्ही मिळून सुमारे ३०० मिग्रॅच असतात. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी परवाना क्रमांकही नव्हता. अशा पूरक आहारावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे बंधनकारक असते, तेही नव्हते.

विक्रेत्याचा फोन आता बंद आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे, रिकामी डबी आणि पावती जपून ठेवली आहे, आणि शेजारच्या दोन्ही घरी स्वतः जाऊन ते मलम डॉक्टरांना दाखवण्याची विनंती केली आहे.